शिनोलीला न थांबणारी प्रार्थना

"बापा, वरच्या खोलीतल्या मास्तरनं काल परत अंडी उकडून पातेलं तसंच ठिवलंय. त्याला अक्कल दे, न्हाईतर बायको दे. दोनीपैकी एक, पन लवकर दे."

जुन्नरच्या हायस्कुलात नोकरी लागून या खोलीत राहायला आलो, त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. अजून उजाडायचं होतं आणि खालच्या अंगणातून माझी तक्रार थेट स्वर्गात निघाली होती. खिडकीतून पाहिलं तर आमचे घरमालक सिमेंटच्या बाकावर बसलेले. डोक्याला मफलर, पायात बूट, डोळे घट्ट मिटलेले, आणि आवाज असा की आजूबाजूच्या घरांत माझ्या पातेल्याची बातमी पोचलीच असणार. थोड्या वेळानं दूध आणायला गेलो तर दूधवाल्यानं विचारलं, "सर, घासलं का?"

घरमालक एसटीचे निवृत्त कंडक्टर. गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणू लागलो. धर्मानं ख्रिस्ती, आजोबांच्या आधीपासूनचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नगरला. सगळी नोकरी जुन्नर-भीमाशंकर गाडीवर गेली. म्हणजे या ख्रिस्ती माणसानं उभं आयुष्य हिंदू भाविकांना ज्योतिर्लिंगाला नेण्यात आणि परत आणण्यात घालवलं. यावर कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "तिकीट काडलं का मानूस माजा. उतरून कुनाच्या पाया पडतो ते त्याचं तो."

मी विज्ञान शिकवायचो, आणि देव मानत नाही असं लोकांना न विचारता सांगायचं ते वय होतं. मामांच्या देवाशी माझं काही वाकडं नव्हतं, पण पहाटेच्या झोपेशी होतं. एकदा धीर करून म्हटलं, "मामा, प्रार्थना मनातल्या मनात नाही का चालत?"

"मनातल्या मनात?" मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, खच्चून भरलेल्या गाडीत मी कदी मनातल्या मनात 'फुडं सरका' म्हनलो न्हाई. आनि हितं तर ऐकनारा लई लांब बसलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे हेही वर कळवण्यात आलं. मास्तरला आवाजाचा तरास होतो, त्याचे कान बरे कर, अशी विनंती होती.

हळूहळू त्या बोलण्याची रीत माझ्या लक्षात आली. नाइलाज होता, रोज ऐकावंच लागायचं. मामांच्या प्रार्थनेचे तीन भाग असत. आधी वरचा, मग आतला, मग भाईरचा.

वरच्याशी बोलताना स्तुती फारशी नसायची. आभार मानायचे ते सुटे पैसे परत करावेत तसे, मोजके आणि लगेच. "पाऊस धाडलास, आभारी हाय. पन कांदा भिजल्यावर धाडलास. तुज्याकडं टाइमटेबल हाय का न्हाई?" कधी नुसतंच, "काल जे केलंस ते मला पटलं न्हाई. तू मोठा हायस, ऐकून घेतो. पन पटलं न्हाई." चर्चमधल्या काही लोकांना हे फार लागायचं. देवाशी असं बोलतात का, असं एका बाईंनी तोंडावर विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "मग काय त्याला साहेब-साहेब करू? बाप हाय ना?"

आतला म्हणजे ते स्वतः. त्याच्याशी ते बिनतिकीट सापडलेल्या प्रवाशासारखं वागायचे. "ए शहान्या, हिकडं बग. काल त्या भाजीवालीवर खेकसला तवा कुठं निगाला व्हतास? तिनं वजनात मारलं न्हवतं. तुला पोरीचा फोन आला न्हाई म्हनून तू खेकसला. खरं बोल." मग थोडा वेळ शांतता. पकडलेला माणूस खरं बोलत असावा. शेवटी, "बरं. आज जाऊन तिला चार शब्द चांगले बोल. आता बस गप." पहिल्यांदा हे ऐकून मी उशीत तोंड खुपसून हसलो. नंतर हसू यायचं बंद झालं. शिकलेला, पुस्तकं वाचलेला माणूस मी, पण स्वतःला इतक्या सरळ शब्दांत काही विचारलंय असं मला आठवत नव्हतं. मला मामांचा हेवा वाटायचा.

भाईरचा म्हणजे जग. आणि जग जुन्नर स्टँडावर सुरू व्हायचं. मामा एकेक थांबा घेत निघायचे. हातात जुनं तिकीट पंच करायचं चिमटं असायचं, आता मशिनं आल्यावर भंगारात जाणारं. थांबा आला की टक् करायचं आणि तिथल्या माणसांची नावं घ्यायची. नारायणगाव, टक्. "हितल्या टमाट्याला भाव दे, पन इतका नको की परत सगळी पोरं नव्या गाड्या घेऊन हायवेला मरतील." कळंब, टक्. मंचर, टक्. "स्टँडासमोरच्या चहावाल्याची साखर वाढलीय, रगतातली. त्याला कळू दे, चहातली बी कमी कर म्हनावं." असं करत गाडी घोडेगावला पोचायची. ज्या माणसांनी दहा-वीस वर्षं त्यांच्या गाडीनं प्रवास केला, त्यांचे गुडघे, नातवंडं, भावबंदकी, सगळं मामांना पाठ होतं.

रूट सोडून प्रार्थना करायला मात्र ते तयार नसत. टीव्हीवर कुठल्यातरी देशातलं युद्ध चालू होतं, तेव्हा चर्चच्या नव्या पाळकसाहेबांनी त्यांना उपासनेत जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करायला उभं केलं. मामा म्हणाले, "साहेब, ते आळेफाट्याच्या फुडचं झालं. तिकडच्या कंडक्टरला सांगा. मला तितली मानसं म्हाईत न्हाईत, आनि म्हाईत नसलेल्या मानसासाटी मी काय मागू? उगं तोंडाची वाफ." पाळकसाहेब तरुण होते, गिटार वाजवायचे, फार हळुवार प्रार्थना करायचे. मामांचं त्यांच्याबद्दल मत एवढंच होतं की हा मनुष्य देवाशी बोलतोय की देवाला झोपवतोय ते कळत नाही.

माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी नास्तिकपणा बाजूला ठेवून मामांना सांगितलं. आमचं गाव निरगुडसर. मामा अडचणीत पडले. "निरगुडसर माज्या रूटला न्हाई, मास्तर." पण दुसऱ्या दिवशी पहाटे मंचरचा टक् झाल्यावर आवाज आला, "बापा, हितं उतरून निरगुडसरला जायचंय. मास्तरची आई हाय. माजी गाडी तिकडं जात न्हाई, तेवढं तू तुज्या सोईनं बग." आई बरी झाली. ऑपरेशन डॉक्टरांनी चांगलं केलं होतं, हे मी आजही म्हणतो. तरी पेढे आधी मामांना दिले.

आता ज्यासाठी हे सांगायला घेतलं ते. मामांची गाडी रोज घोडेगावला थांबायची आणि तिथून सरळ डिंभ्याला जायची. मधल्या शिनोलीला टक् होत नसे. शिनोली हा काही लहान थांबा नव्हे, भीमाशंकरच्या रस्त्यावरचं चांगलं नांदतं गाव. पहिल्यांदा वाटलं, विसरले असतील. रोज तेच झाल्यावर मी दूधवाल्याला विचारलं. गल्लीचा इतिहास त्याच्याकडे होता.

शिनोलीत मामांचा ड्रायव्हर राहायचा. दोघं कायम एकाच गाडीवर. साहेबांच्या हातापाया पडून ड्युटी एकत्र लावून घ्यायचे. नावानं हाक कुणीच मारायचं नाही, हा त्याला डायवर म्हणायचा आणि तो याला कंडक्टर. ड्रायव्हर भीमाशंकराचा भक्त, डबा मात्र मामींच्या हातचा खायचा. मग मामी आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं. त्या काळात महिनाभर मामांची पहाटेची प्रार्थना बंद होती. अंगणात बसायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. दूधवाला म्हणाला, "आमी गजर लावाया शिकलो, सर, तवा." पुढं एका पहाटे आवाज परत सुरू झाला, मामीही उठून हिंडू-फिरू लागल्या. मामांनी घरात उपकारस्तुतीची सभा ठेवली. सगळी मंडळी गाणी म्हणून देवाचे आभार मानत होती, तेवढ्यात ड्रायव्हर दारात उभा. कपाळाला भस्म, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. भर सभेत म्हणाला, "वैनी, भीमाशंकराचा नवस फेडून आलो."

सभेचं जे व्हायचं ते झालं. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडून, रडून मागितलं त्या देवाचं श्रेय शेजारच्या देवाला गेलं, आणि तेही पाळकांच्या आणि वडीलमंडळींच्या समोर. मामांनी पेढ्याला हात लावला नाही. पुढच्या वर्षी मामी गेल्या. ड्रायव्हर खांदा द्यायला आला, तेव्हा मामा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुज्या द्येवाची गॅरंटी वर्साचीच व्हती का रं?" ड्रायव्हर तसाच मागे फिरला. तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं.

हे ऐकल्यावर मला चर्चमधली एक गोष्ट उलगडली. नाताळात मामांनी मला नेलं होतं. तिथं प्रभुभोजनाचं ताट फिरलं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले. मामांपाशी ताट आलं तसं त्यांनी ते शेजाऱ्याकडे सरकवलं. मी पुढं कधीतरी विचारलं तर म्हणाले, "ज्याच्याशी वाकडं हाय त्याच्याशी आदी मिटवायचं, मग ताटाला हात लावायचा, आसं हाय आमच्यात. माजं मिटलेलं न्हाई. खोटं बोलून खाऊ का?"

"मग मिटवा की."

"तुमी सायन्स शिकवा," मामा म्हणाले.

मार्चमध्ये मामा घोडेगावला कुणाच्या तरी लग्नाला गेले. संध्याकाळी परतले ते अंगणातल्या बाकावर बसले आणि तिथंच बसून राहिले. जेवायला बोलावलं तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. खालून आवाज नव्हता. मी तसाच खाली उतरलो.

मामा बूट घालून बसले होते. चिमटं शेजारी पडलं होतं.

"डायवर गेला," ते म्हणाले. "येताना गाडीतनं फ्लेक्स पायला. भावपूर्ण श्रद्धांजली. ह्यो मोठा फोटू."

वाईट झालं, असं काहीतरी म्हणालो.

"आमच्यात मेलेल्या मानसासाटी प्रार्थना न्हाई, मास्तर. मानूस उतरला का तिकीट संपलं. बायकोसाटी बी मी कदी केली न्हाई, नियम म्हंजे नियम. पन डायवरसाटी परवा करता येत व्हती. त्याच्या आदल्या दिशी येत व्हती. रोज घोडेगावला याचो आनि मनात यायचं, आज थांबू. मग म्हनायचो, उद्या." त्यांनी मफलरीनं नाक पुसलं. "आता कितीबी थांबलो तरी तितं कोन न्हाई."

त्या माणसाला मी देवाशी भांडताना ऐकलं होतं, स्वतःला फैलावर घेताना ऐकलं होतं. असा हरलेला कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि म्हटलं, "चला, सांत्वनाला जाऊन येऊ." त्यांनी नाही म्हटलं नाही.

मोटरसायकलवरून घोडेगावला पोचलो तेव्हा चौकात तो फ्लेक्स दिसला. मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात पिकायला लागलेला. मला मात्र नीट दिसत होतं. हार घातलेला मयताचा फोटो वरच्या कोपऱ्यात होता, पासपोर्टच्या फोटोपेक्षा जरा मोठा. खाली 'शोकाकुल' म्हणून एक भलामोठा चेहरा, हात जोडलेला, आणि त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, सेवानिवृत्त एसटी चालक. त्याच्या बाजूला एका तरुणाचा गॉगल लावलेला फोटो. आमच्याकडे निवडणुका आल्या की मेलेल्यापेक्षा रडणाऱ्यांचे फोटो मोठे होतात.

मी गाडी थांबवली नाही आणि बोललोही नाही. सांगितलं असतं तर मामा तिथूनच परत फिरले असते, याची मला खात्री होती.

शिनोलीत घरापुढं ताडपत्री बांधलेली, सतरंजीवर माणसं बसलेली. मामा मान खाली घालून चालत गेले. लोकांनी वाट दिली. मामांनी मान वर केली तर समोर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर टॉवेल टाकून, दाढी वाढलेला ड्रायव्हर.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू?"

"मग कोन? घर माजंच हाय."

"तू मेलायस."

"थोरला भाऊ गेला. मी हाय."

"फ्लेक्सवर तुजा फोटू हाय."

"पोरगं ग्रामपंचायतीला हुबं ऱ्हातंय. त्याला मयतापेक्षा बाप मोटा लागतो," ड्रायव्हर म्हणाला. सतरंजीवर एकदोघांना खोकला आला.

मामा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी वाचला न्हाई का फ्लेक्स?"

"वाचला," मी म्हटलं. त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून माझं नाव लवकरच वर जाणार हे समजलं.

कुणीतरी दुसरी खुर्ची आणून ठेवली. मामा बसले. दोघंही समोरच्या रस्त्याकडे पाहत होते. एक एसटी गेली, भीमाशंकरची.

"काल रातभर मी तुला माफ करत बसलो व्हतो," मामा म्हणाले. "मेलेल्याला माफ करनं सोपं असतंय. आता जित्याला करायचं म्हंजे परत पैल्यापासनं आलं."

"कशाबद्दल माफ करतोयस ते तरी म्हाईत हाय का तुला?" ड्रायव्हरचा आवाज चढला नव्हता. "इचारलंस कदी?"

"सगळ्यांनी ऐकलं व्हतं. तिच्या दुखन्यासाटी नवस केलास आनि..."

"दुखन्यासाटी न्हवता."

मामांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"वैनीनंच सांगितला व्हता," ड्रायव्हर म्हणाला. "तू म्हैनाभर तोंड मिटून बसला व्हतास. मी बगाया आलो तवा म्हनली, भावजी, माजं दुखतंय ते मी सोशीन, पन ह्यांचं देवाशी बोलनं बंद झालंय ते मला सोसत न्हाई. आमच्या देवावर रुसल्यात. तुमच्या देवाला सांगून बगा, ह्यांचं तोंड उगडू दे म्हनावं. एवढाच नवस. मग एका पहाटे तू परत बोंबलाया लागलास, आनि वैनीनं मला निरोप धाडला. मी फेडून आलो."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"वैनीनं शपत घातली व्हती. बायको दुसऱ्या देवाच्या दारात गेली म्हनून तुला लागंल म्हनायची. आनि मयतात तू जे बोललास, त्यावर मी काय सांगायचं व्हतं? मलाबी लागलंच की." त्यानं टॉवेल सारखा केला. "आता थोरला गेला. माजं तरी काय ऱ्हायलंय. हे कशाला बरूबर न्यायचं."

मामा रडले, लपवायचा प्रयत्न न करता, भरल्या मांडवात. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हरनं आपल्या डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला.

जरा सावरल्यावर मामा म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी रोज पहाटे बोलतोय ते तुज्या द्येवाच्या करनीनं?"

"ते त्यांचं त्यांनी बगावं. असतील एका डेपोतलं," ड्रायव्हर म्हणाला.

मामा हसल्यासारखे झाले. मग उठून उभे राहिले. "थोरल्यासाटी प्रार्थना करू का?"

"तुमच्यात चालत न्हाई ना?"

"न्हाई चालत," मामा म्हणाले, आणि डोळे मिटले. मांडवातल्या लोकांना काय करावं समजेना, त्यांनी एकेकानं हात जोडले. ड्रायव्हरनंही जोडले. मामांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"बापा, हे नियमात बसत न्हाई, ठाऊक हाय. पन डायवरचा थोरला दोन दिस झालं तुज्याकडं आलाय. चांगला मानूस व्हता, माळकरी व्हता, गाडीत म्हाताऱ्या मानसाला उठून जागा द्याचा. कंच्या देवाचा म्हनून त्याला इचारत बसू नको. शीट नसली तर हुबा ऱ्हाईल, पन घे त्याला."

ते थांबले. झालं असं वाटून काहींनी हात सोडले. मामांचे डोळे मिटलेलेच होते.

"आनि आमची ही बी तितंच असंल. इतकी वर्सं तुज्याकडं तिचं नाव काडलं न्हाई. तिला येक निरोप सांग. म्हनावं, अजून बोलतोय."